चुंबळ

कवीला सुचलं नाही तर कविता थांबते. कारखानदाराला सुचलं नाही म्हणून सात तारीख थांबत नाही. त्या दिवशी सतरा माणसांचा पगार द्यायचाच असतो. करळ फाट्याच्या अलीकडे पत्र्याची शेड टाकून बसलेल्या आमच्या शेठला तीन आठवडे काही म्हणजे काही सुचत नव्हतं, आणि ते बोलून दाखवायची सोय नव्हती.

शेठ म्हणजे कुणी गडगंज असामी नव्हे. पनवेल-उरण पट्ट्यात ज्याच्याकडे दोन टेम्पो आणि एक शेड आहे तो शेठच. याचा धंदा पॅकिंगचा. न्हावा शेव्याच्या बंदरातून परदेशी जाणाऱ्या मालाला लाकडी पेट्या करायच्या, पॅलेट ठोकायचे आणि कंटेनरमध्ये माल हलू नये म्हणून पट्टे आवळून पाचरी मारायच्या. सुरुवातीला तो स्वतः लॅशिंगचं काम करायचा. उन्हात तापलेल्या वीसफुटी डब्यात शिरून, गुडघ्यांवर बसून, दुसऱ्याच्या हाताखाली. मग सरकारने घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्क्यांत मिळालेला भूखंड वडिलांनी विकला, त्या पैशांतून शेड उभी राहिली. चार वर्षांपूर्वी शेडच्या कोपऱ्यात एसीची केबिन झाली आणि शेठ तिच्यात जाऊन बसला.

ऑर्डर गणपतीची होती. पेणजवळच्या हमरापूरच्या एका कारखान्यातून दीड फुटी ६४ मूर्ती अमेरिकेतल्या मराठी मंडळींकडे जायच्या होत्या. (मूर्ती घडते त्या जागेला पेण, हमरापूर, जोहे या भागात कारखानाच म्हणतात, शहरी पाहुण्याला हा शब्द उगाच खटकतो.) गणपती भाद्रपदात बसत असला तरी समुद्रावाटे जाणाऱ्या मूर्तींची पाठवणी चैत्र-वैशाखातच करावी लागते. तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांनंतर बरीच जहाजं सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली, त्यामुळे हातात आणखी कमी दिवस उरले होते.

आजवर शेठने प्लास्टरच्या मूर्ती पाठवल्या होत्या. प्लास्टर हलकं असतं, आत पोकळ असतं, बऱ्यापैकी धक्का खातं. या वेळी मंडळींना शाडूच हवा होता. शाडूची मूर्ती भाजत नाहीत, नुसती वाळवतात. ती जड असते, आणि बोट, कानाची पाळी, सोंडेचं टोक या जागी बिस्किटासारखी ठिसूळ असते. जुनी माणसं अशी मूर्ती भाताच्या पेंढ्यात बसवून बैलगाडीने नेत. पण पेंढा परदेशी बंदरात चालत नाही. त्यातून कीड येईल म्हणून अख्खी खेप अडवतात. लाकडाचंही तसंच. पेटीला लावायची जाड फळी आतल्या गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर सलग ३० मिनिटं तापवायची आणि तिच्यावर गव्हाच्या लोंबीचा शिक्का उठवायचा, तरच ती पुढे जाते. प्लायवूडला यातून सूट आहे. हे सगळं शेठला पाठ होतं. अडलं होतं ते पेटीच्या आत.

त्याने पहिली पेटी केली ती बबलरॅप कोंबून. मूर्ती आत ठेवली, टेम्पोत टाकली आणि सर्व्हिस रोडने दिघोड्यापर्यंत नेऊन परत आणली. मोठ्या कंपन्या असली चाचणी कंपनयंत्रावर करतात; आपल्याकडे रस्ते आहेत. पेटी उघडली तेव्हा सोंड दोन तुकडे होऊन मांडीवर पडली होती. दुसऱ्या पेटीत दुप्पट फोम भरला, कानामागे, सोंडेखाली, बोटांच्या फटीत, कुठेही बोट शिरणार नाही असा ठासून. या वेळी सोंड टिकली. आशीर्वादाचा हात मनगटातून गेला आणि मोदकाच्या हाताची तीन बोटं गळली. तिसऱ्या पेटीत आणखी फोम भरला, तर एक कान गेला.

मूर्ती चाचणीच्या असल्या आणि त्यांची प्राणप्रतिष्ठा झालेली नसली तरी शेडमधली माणसं पेटी उघडायच्या वेळी चपला काढून उभी राहत. तिसरी उघडल्यावर कुणी काही बोललं नाही. शेठ केबिनमध्ये गेला आणि त्याने दार लावून घेतलं.

तिथून पुढचे तीन आठवडे तो दारामागेच होता. कोरा कागद पुढ्यात घेऊन बसायचा. त्यावर चौकोन काढायचा, आत गणपती काढायचा, गणपतीच्या भोवती रेघा मारायचा. भिंतीवर पांढरा फळा लावला आणि त्यावर तीन रंगांच्या पेनांनी बाण काढले. एका सल्लागाराने फोनवर तासाभराचे पैसे घेऊन 'चौकटीबाहेर विचार करा' असं सांगितलं. पेट्या करणाऱ्याला हा सल्ला देताना त्याला हसू कसं आलं नाही, देव जाणे. रात्री शेठ मोबाईलवर जपानी लोक काचसामान कसं गुंडाळतात ते बघत बसायचा. मिस्त्री दोनदा दाराशी येऊन गेला. "काम चालू आहे, डिझाईन होतंय," एवढंच उत्तर त्याला मिळालं. सतरा माणसं आपल्या तोंडाकडे बघत असताना 'मला येत नाही' म्हणायचं कसं? शेठपणा त्या एका वाक्याने उतरेल, असं त्याला वाटत होतं.

केबिनमध्ये त्याच्या डोक्यावर एक फ्रेम होती. अमेरिकेतल्या नेवार्क बंदरातून ह्यूस्टनकडे निघालेलं 'आयडियल एक्स' हे जहाज, तारीख २६ एप्रिल १९५६, डेकवर ५८ पेट्या. जगातला कंटेनरचा व्यापार तिथून सुरू झाला असं मानतात. ज्याच्या डोक्यातून तो निघाला तो माल्कम मॅक्लीन जहाजवाला नव्हताच, ट्रकवाला होता. १९३७ मध्ये होबोकनच्या धक्क्यावर तो कापसाच्या गासड्या उतरायची वाट बघत दिवसभर ताटकळला. हमाल एकेक नग उचलून जहाजावर नेत होते. तेव्हा त्याच्या मनात आलं, अख्खा ट्रकच का उचलू नये? ही हकीकत त्याने स्वतः पुढे म्हातारपणी सांगितली, म्हणजे तिला थोडी फोडणी बसलेली असणारच. पण शेठ ती पोरांना फार रंगवून सांगायचा. त्याच्या सांगण्यात मॅक्लीनच्या डोक्यात वीज चमकते आणि बंदरं जन्माला येतात.

मधली एकोणीस वर्षं तो गाळायचा. त्या वर्षांत मॅक्लीन ट्रकचाच धंदा करत होता. आणि पुढे जेव्हा त्याने खरोखर बेत आखला, तेव्हा तोही आधी चाकांसकट ट्रेलर जहाजावर चढवायचा होता. चाकांखाली जागा फुकट जाते हे दिसल्यावर चाकं काढली, सांगाडा काढला, उरला नुसता डबा. त्या पहिल्या फेरीत माल चढवायचा खर्च टनाला ५ डॉलर ८६ सेंटांवरून १६ सेंटांच्या आसपास आला तो काढून टाकल्यामुळे, काही नवं जोडल्यामुळे नव्हे. फ्रेम रोज डोक्यावर असूनही शेठ फोमचे थर वाढवत होता.

शेठची आजी नवीन शेव्याला राहते. 'नवीन' हा शब्द कागदावरचा. जुनं शेवा गाव बंदराखाली गेलं. मिठागरं, भाताची खारी शेतं, होड्या लागायच्या त्या जागा, सगळं. १९८४ च्या जानेवारीत जमिनीच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या मागे सगळा उरण-पनवेल उठला, गोळीबारात पाच माणसं गेली, तेव्हा शेठचे वडील विशीतले होते आणि त्या गर्दीत होते. २६ मे १९८९ रोजी बंदराचं उद्घाटन झालं. कोळ्यांची वस्ती उरणजवळ हनुमान कोळीवाड्यात नेली आणि तिथे वाळवीने घरं पोखरली. लाकडाचा धंदा करणाऱ्या शेठला ती गोष्ट पेटी बनवताना अजून आठवते. आजीला मात्र कुणी बंदराबद्दल विचारलं की ती फक्त मिठाबद्दल बोलते.

त्या रविवारी शेठ गेला तो जेवायला. एप्रिलचा शेवट, रानसई धरणाची पातळी खाली गेलेली, नळाला एक दिवसाआड पाणी, आणि तो नेमका कोरडा दिवस. गल्लीच्या तोंडाशी टँकर आला होता. सून गावाला गेलेली. ऐंशी ओलांडलेली आजी छोटा हंडा घेऊन निघाली होती.

"आजी, थांब. मी आनतो."

"तू गारीत घालून आनशील, अर्धा सांडवशील," आजी म्हणाली. "चल मागून."

टँकरपाशी तिने जुन्या लुगड्याचा पट्टा काढला. तो दोन बोटांभोवती फिरवून, पीळ देत देत, वळ्यावर वळं बसवून चुंबळ केली आणि टाळूवर ठेवली. एकदा दाबली, काढली, एक वळं सैल केलं, परत ठेवली. शेठने हंडा उचलून तिच्या डोक्यावर दिला. तिने मान एकदाच हलवली, बिंदू सापडल्यासारखी, आणि दोन्ही हात खाली सोडून चालायला लागली.

हंडा तोंडापर्यंत भरलेला होता. रस्त्यात खडी होती, मध्येच उघडं गटार होतं, एक कुत्रं आडवं पडलेलं होतं. आजीचे गुडघे वाकत होते, कंबर डावी-उजवी होत होती, मानेच्या वर मात्र सगळं सरळ. पाणी काठाशी थरथरायचं आणि काठातच राहायचं.

"आजी, एक हात लाव ना हंड्याला. परंल."

"हात लावला का परतो." ती वळलीही नाही. "हात घाबरलेला असतो रं बाला. तो हंड्याला धरत नाय, हलवतो. खालून बसलाय ना नीट? मंग वरती त्याचा त्याला राहू दे."

घरी आल्यावर हंडा उतरवून ती ओट्यावर टेकली आणि नेहमीप्रमाणे मिठावर गेली. डोक्यावर मिठाची पाटी, पायाखाली वीतभर रुंदीचा बांध, दोन्ही बाजूंना वाफे. पाटी हाताने धरलेली बाई मुकादम लगेच ओळखायचा: ही नवी, ही पडणार. मग उधाणाच्या भरतीला उघाडीतून पाणी कसं आत घ्यायचे, एका तलावातून दुसऱ्यात कसं खेळवायचे, तेही झालं. शेठने हे शंभरदा ऐकलं होतं. त्याला त्यातले आकडेही माहीत होते, कारण एकदा त्याने मिठाच्या गोण्यांचे कंटेनर भरले होते: समुद्राचं पाणी दाटपणा मोजायच्या बोमे मापावर ३ अंशांच्या आसपास असतं, उन्हावाऱ्याने आटत आटत २५ अंशांवर आलं की मीठ धरायला लागतं, आणि २९-३० च्या पुढे गेलं तर कडवटपणा उतरतो म्हणून ते उरलेलं पाणी सोडून द्यावं लागतं. आजीला अंश ठाऊक नव्हते. ती पाण्याच्या रंगावरून सांगायची.

"आन मीठ धराला लागला," ती म्हणाली, "का पहिल्या दिवशी नवा मानूस फावरा घेऊन उतरतो. ढवळतो. मंग चिखुल वर येतो, मीठ काला परतो. माजा सासरा ओरडायचा, बांदावर बसा, बिडी प्या, पन हात लावू नका. तरी आमचा दीर उतरायचाच. त्याला बसवत नसं."

शेठ जेवला नाही. चुंबळ उचलून खिशात घातली आणि निघाला. आजीने मागून विचारलं की कालवण कुणी खायचं.

शेडवर रविवारची शांतता होती. मिस्त्री एकटा बाजेवर बसून रंध्याचं पातं घासत होता. गोरखपूरकडचा माणूस, बावीस वर्षं इथे, मराठी सगळं समजतो आणि बोलतो हिंदी. शेठ केबिनकडे वळला नाही. त्याने प्लायचा एक तुकडा ओढला आणि जमिनीवर बसला, बऱ्याच वर्षांनी.

"मिस्त्री, मला सुचत नाहीये," तो म्हणाला. "तीन हफ्ते झाले. डिझाईन वगैरे काही चालू नव्हतं."

मिस्त्रीने पातं बाजूला ठेवलं. "वो तो हमको मालूम था, सेठ."

"मग बोलला का नाहीस?"

"आप तो केबिन में थे."

शेठने खिशातली चुंबळ काढून प्लायवर ठेवली आणि हात मोडलेली दुसरी मूर्ती उचलून तिच्यावर बसवली. ती डुगडुगली आणि मागे झुकली. मिस्त्रीने तिच्या पाठीला तळहात दिला. मूर्ती थांबली. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. शेठने मग मांडी घातलेल्या गुडघ्यांवर आडवं बोट टेकवलं, अगदी हलकं. बूड चुंबळीत, पाठ तळहातावर, गुडघ्यांवर बोट. शेठने दुसऱ्या हाताने प्लाय हलवला, आधी हळू, मग चांगला गदागदा. गणपती प्लायबरोबर हलला, आपला आपण नाही. सोंडेला, कानांना, उरलेल्या हाताला कशाचाच स्पर्श नव्हता.

"यहाँ कुछ नहीं भरेंगे?" मिस्त्रीने सोंडेभोवतीच्या रिकाम्या जागेत बोट फिरवलं.

"काही नाही. चार बोटं मोकळी सोडायची. सगळीकडून."

मग मिस्त्री बोलायला लागला. पहिली सोंड मोडली तेव्हाच त्याच्या मनात आलं होतं की मोडलं ते जिथे आपण दाबलं तिथेच: भरण पेटीला टेकलेलं, सोंड भरणाला टेकलेली, म्हणजे रस्त्यातला प्रत्येक खड्डा थेट सोंडेत. पाठीला फळी वाकवून लावायची ही कल्पना त्याची. गुडघ्यांवरची पट्टी काढता-घालता यावी म्हणून खाचेत सरकवायची, तीही त्याची. शेठने फोमची वळी कापडात शिवून चुंबळीसारखी घट्ट करायचं काढलं. पण किती घट्ट, ते कागदावर येईना. मग तो आजीसारखा एकेक वळं सैल करत, मूर्ती ठेवत, उचलत बसला. डब्यात गुडघ्यांवर बसून पट्टे आवळणाऱ्या त्याच्या हातांना ताण कळत होता. रात्री साडेदहाला पहिली पेटी उभी राहिली. ती टेम्पोत घालून ते दिघोड्याला जाऊन आले आणि हावरेपणाने लगेच दुसरी फेरीही मारली. चपला काढून पेटी उघडली. फक्त डोळ्याच्या कडेला रंगाचा एक कण उडाला होता.

सोमवारपासून केबिनचा एसी बंद राहिला. एकदा अडलं ते दमटपणाशी: शाडूला पाणी म्हणजे काळ, आणि बंद डब्यात रात्री छताला दव धरून थेंब मालावर पडतात. पण हे शेठला नवं नव्हतं. डब्यात ओल शोषणाऱ्या पिशव्या टांगतात, त्यातली पूड बहुधा कॅल्शियम क्लोराईडची, म्हणजे शेवटी मिठाचंच भावंड. पावसाळ्यात आजीची मिठाची बरणी पाण्याने भरते, तसं त्या पिशव्यांचं होतं. दहा दिवसांत ६४ पेट्या झाल्या.

डबा भरला त्या रात्री वारा पडला होता. खाडीपलीकडे अटल सेतूचे दिवे ओळीने लागलेले, २०२४ च्या जानेवारीपासून हा देखावा शेडच्या दारातून दिसतो. पेट्या एकेक करून आत जात होत्या. मिस्त्री आत पट्टे मारत होता, शेठ बाहेर झाकणं तपासत होता. साठाव्या-एकसष्टाव्या पेटीपाशी तो थांबला. झाकण उघडं होतं. गणपती चुंबळीत बसलेला, सोंडेभोवती काळोख आणि हवा. एवढी रिकामी जागा. महिना-दीड महिन्याचा समुद्र, आफ्रिकेच्या टोकाचं वादळ. त्याने मागे वळून पाहिलं, कुणाचं लक्ष नव्हतं. बबलरॅपचा एक ओंजळभर तुकडा त्याने सोंडेखाली सरकवला, झाकण ठोकलं आणि पेटी आत दिली. डब्याला सील लागलं.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात तिकडून मोबाईलवर फोटो आले. चौसष्टपैकी त्रेसष्ट मूर्ती शाबूत होत्या. शेडमध्ये पेढे वाटले गेले. शेवटचा फोटो मात्र मिस्त्रीने बोटांनी मोठा करून बराच वेळ पाहिला. पेटीत सोंडेचा तुकडा पडलेला, आणि त्याखाली बबलरॅप.

"ये किसने डाला?" त्याने सगळ्यांकडे बघत विचारलं. पोरं एकमेकांकडे बघू लागली. कुणीतरी नव्या हेल्परचं नाव घेतलं.

"मी," शेठ म्हणाला. "मी घातला."